‘जस्ट अ मिनिट’: साठ सेकंदांच्या खेळाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये राहत होते त्या वर्षांत सोमवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या स्वयंपाकघरात रेडिओ लागायचा आणि पोळ्या लाटता लाटता मी ‘जस्ट अ मिनिट’ ऐकायचे. आता पुण्यात परत येऊन बरीच वर्षं झाली, तरी ती सवय सुटलेली नाही. नातेवाईक, मैत्रिणी आणि मुलांचे मित्र या कार्यक्रमाबद्दल मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान.

हा कार्यक्रम आहे तरी काय?

बीबीसीच्या रेडिओ फोर या वाहिनीवरचा अर्ध्या तासाचा विनोदी खेळ. चार जण माइकसमोर बसतात. सूत्रसंचालक त्यांतल्या एकाला विषय देतो. विषय कसलाही असू शकतो: मोजे, नेपोलियन, पावसाळी सुटी, शेजाऱ्याचं मांजर. त्या विषयावर साठ सेकंद बोलायचं. अट अशी की अडखळायचं नाही, पुनरुक्ती करायची नाही आणि विषयांतर करायचं नाही. बाकीचे तिघं बझरवर हात ठेवून टपलेले असतात. चूक सापडली की बझर वाजतो. हरकत योग्य ठरली तर विषय हरकत घेणाऱ्याकडे जातो आणि उरलेले सेकंद तो बोलतो. मिनिट संपलं की शिट्टी.

पहिला भाग २२ डिसेंबर १९६७ रोजी प्रसारित झाला. रेडिओ फोर ही वाहिनी तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती, म्हणजे वाहिनी आणि कार्यक्रम जवळजवळ एकाच वयाचे. कार्यक्रम आजही चालू आहे.

इतके सोपे नियम आणि तेवढ्यावर इतकी वर्षं? लोक कंटाळत कसे नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून आधीच घेते.

सगळ्यांना वाटतं, हा बोलण्याचा खेळ आहे. माझ्या मते हा ऐकण्याचा खेळ आहे. एक माणूस बोलत असतो तेव्हा तिघं जण त्याचा शब्द न् शब्द कानात साठवत असतात. चाळीसाव्या सेकंदाला तो ‘खिडकी’ म्हणाला आणि आठव्या सेकंदालाही ‘खिडकी’ म्हणाला होता, हे ज्याच्या लक्षात आहे त्यालाच बझर दाबता येतो. आपलं कोणी इतकं मन लावून शेवटचं कधी ऐकलं होतं, याचा विचार करून पाहा. घरात नाही, ऑफिसच्या मीटिंगमध्ये तर नाहीच. या खेळात ऐकणं सक्तीचं आहे, आणि ऐकणाऱ्यांनी भरलेल्या त्या खोलीत बोलणारा माणूस फुलतो.

आणखी एक. रेडिओसमोर बसलेले आपणही तेच करत असतो. पोळी तव्यावर असताना मी एकदम “दोनदा म्हणाला!” असं ओरडलेली आहे आणि पुढच्या क्षणी लंडनमधल्या पॅनेलवरच्या कोणीतरी बझर दाबला आहे. घरबसल्या श्रोत्याला चार खेळाडूंच्या बरोबरीनं खेळू देणारे कार्यक्रम रेडिओवर फार थोडे झाले. संगीताचं ज्ञान नको, सामान्य ज्ञान नको, राजकारण माहीत नको. कान जागे असले की झालं.

साठ सेकंद बोलणं खरंच इतकं अवघड आहे?

करून पाहा. स्टॉपवॉच लावा आणि ‘चहा’ या विषयावर बोला. बहुतेक लोक वीस सेकंदांच्या आत फसतात, आणि फसवणारे शब्द मोठे नसतात. आपण बोलताना विचार करायला वेळ मिळावा म्हणून जे टेकू लावतो (म्हणजे, तर, खरं म्हणजे, काय होतं की) तेच दुसऱ्यांदा तोंडात येतात. ते टाळायला जावं तर पुढचा शब्द सुचत नाही आणि अर्ध्या सेकंदाची पोकळी पडते. ती भरून काढायला घाईनं वेगळंच काही बोललं की विषयांतर होतं. तिन्ही नियम एकमेकांना बांधलेले आहेत. एकातून निसटलं की माणूस दुसऱ्यात सापडतो, आणि या रचनेचं मला आजही नवल वाटतं.

काही सवलती आहेत. ‘मी’, ‘आणि’ यांसारख्या बारीक शब्दांकडे सहसा काणाडोळा करतात. दिलेल्या विषयातले शब्द कितीही वेळा वापरता येतात. एकवचन आणि अनेकवचन हे वेगवेगळे शब्द धरतात. पण कोणी ‘बीबीसी’ म्हणालं तर ‘बी’ दोनदा आलं म्हणून हरकत घेतली गेली आहे, आणि सभागृहानं ती हसून उचलून धरली आहे.

गुण कसे देतात?

बरोबर हरकतीला एक गुण. हरकत चुकली तर गुण बोलणाऱ्याला आणि विषयही त्याच्याकडेच. शिट्टी वाजताना जो बोलत असेल त्याला एक. कोणी अडवणूक न होता पूर्ण मिनिट बोललं तर वरचा एक. हरकत नियमात बसली नाही पण तिनं सभागृह हसवलं, तर त्याबद्दलही गुण मिळतो. शेवटी कोण जिंकलं हे ऐकून दहा मिनिटांनी मला आठवत नाही, आणि माझ्या ओळखीच्या कोणालाच आठवत नाही.

ही कल्पना सुचली कोणाला?

इयन मेसिटर यांना. गोष्ट फार छान आहे.

मेसिटर इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या शेरबोर्न शाळेत शिकत होते. पर्सिव्हल पॅरी जोन्स नावाचे मास्तर शिकवत असताना हा मुलगा खिडकीबाहेर पाहत स्वप्नं रंगवत बसलेला. मास्तरांनी त्याला उभं केलं आणि सांगितलं, मी गेल्या एका मिनिटात जे बोललो ते सगळं आता न अडखळता, काही पुन्हा न सांगता बोलून दाखव. मुलाला अर्थातच काही आलं नाही.

पुढे बरीच वर्षं लोटली. मेसिटर रेडिओसाठी खेळ रचायला लागले. एक दिवस लंडनच्या तेरा नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर बसलेले असताना त्यांना ती शिक्षा आठवली आणि तिचा खेळ झाला. १९५१ साली त्याचं पहिलं रूप ‘वन मिनिट प्लीज’ या नावानं बीबीसीवर आलं. १९६७ मध्ये नियम आवळून त्याचं ‘जस्ट अ मिनिट’ झालं.

न ऐकल्याबद्दल शिक्षा झालेल्या मुलानं इंग्रजी रेडिओवरचा ऐकण्याचा सर्वांत मोठा खेळ घडवला. मेसिटर स्वतः पुढे कित्येक वर्षं सूत्रसंचालकाच्या शेजारी स्टॉपवॉच आणि शिट्टी घेऊन बसत. मिनिट संपल्याची शिट्टी तेच फुंकत. १९९९ मध्ये ते गेले. शिट्टी आजही वाजते.

सुरुवातीला वाजणारी पियानोची धून कुठली?

शोपँ या पोलिश संगीतकाराचा ‘मिनिट वॉल्ट्झ’. मजा म्हणजे ही रचना एका मिनिटात वाजवून संपत नाही, नीट वाजवायला दीड-दोन मिनिटं लागतात. नावातल्या ‘मिनिट’चा मूळ अर्थ ‘छोटासा’ असा आहे. मला ही धून इतकी अंगवळणी पडली आहे की मैफिलीत कोणी वाजवली तरी शेवटी कान शिट्टीची वाट बघतात.

सूत्रसंचालक निकोलस पार्सन्स यांच्याबद्दल सगळे इतक्या आदरानं का बोलतात?

कारण पहिल्या भागापासून पन्नास वर्षं ते प्रत्येक भागात होते. एकही भाग चुकला नाही. २०१८ मध्ये आजारपणामुळे त्यांना पहिल्यांदा दोन भागांना मुकावं लागलं आणि त्यांची जागा जाइल्स ब्रँड्रेथ यांनी घेतली. त्यानंतर पार्सन्स परत आले आणि २०१९ पर्यंत बसत राहिले. २८ जानेवारी २०२० रोजी वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते गेले. नऊशेहून जास्त भाग त्यांच्या खात्यावर जमा आहेत.

गंमत अशी की त्यांना सूत्रसंचालक व्हायचंच नव्हतं. पॅनेलवर बसून बोलायची त्यांची इच्छा होती. त्या खुर्चीसाठी जिमी एडवर्ड्स या विनोदी नटाचं नाव ठरत होतं, पण ध्वनिमुद्रण रविवारी असायचं आणि रविवारी एडवर्ड्स पोलो खेळायला जात. म्हणून नमुन्यादाखल केलेल्या पहिल्या भागापुरतं पार्सन्सना तिथे बसवलं. तो भाग बीबीसीतल्या वरिष्ठांना पसंत पडला नव्हता. निर्माते डेव्हिड हॅच तेव्हा तरुण होते. ते अडून बसले, हा कार्यक्रम होणार नसेल तर नोकरी सोडण्याचीही तयारी त्यांनी दाखवली. एका माणसाच्या हट्टावर हा सगळा डोलारा उभा राहिला, हे मला नेहमी आठवतं.

पार्सन्स यांचं दुसरं एक वैशिष्ट्य मला जास्त मोलाचं वाटतं. ते लहानपणी तोतरे बोलत. अडखळणं ही चूक धरणाऱ्या खेळाचा न्यायाधीश हा स्वतः अडखळणं काय असतं ते भोगलेला माणूस होता. त्यांचे निर्णय ऐकताना ते जाणवतं. एखादा नवखा पाहुणा घाबरला, श्वास घ्यायला थांबला, कोणी तत्परतेनं बझर दाबला, तर पार्सन्स त्या पाहुण्याला संशयाचा फायदा देत. मुरलेल्या खेळाडूला तीच सवलत मिळत नसे. पॅनेल त्यांच्या निर्णयावर, वयावर, कोटावर वाटेल ते बोले. ते हसून घेत आणि शांतपणे पुढचा विषय वाचत. आपल्याकडे एकत्र कुटुंबात एखादे काका असतात, सगळी पोरं त्यांची चेष्टा करतात पण पत्त्यांचा डाव मांडताना वाद झाला की त्यांचाच शब्द शेवटचा असतो. तसं काहीसं.

जुन्या पॅनेलचं इतकं कौतुक का?

पहिली काही दशकं चार माणसांनी कार्यक्रमाला आकार दिला: क्लेमेंट फ्रॉइड, केनेथ विल्यम्स, डेरेक निमो आणि पीटर जोन्स. चौघांची चार तऱ्हा, आणि ते एकत्र आले की नियम तोच असूनही चार वेगळे खेळ ऐकायला मिळत.

फ्रॉइड हे सिग्मंड फ्रॉइड यांचे नातू. बल्लवाचार्य, लेखक आणि पुढे लिबरल पक्षाचे खासदार. ते जिंकायला बसत. त्यांची युक्ती म्हणजे याद्या. विषय बाजाराचा असला की ते भाज्यांची, मग मासळीची, मग मसाल्यांची यादी संथ, खोल आवाजात सांगत सुटत. यादीत शब्द पुन्हा येत नाही, अडखळायला होत नाही आणि विषय सुटत नाही. दुसऱ्या कोणी बोलताना शेवटचे दोन-तीन सेकंद उरले असतील तेव्हा फ्रॉइड नेमके बझर दाबत आणि शिट्टीचा गुण खिशात घालत. बाकीचे चिडत. ऐकणाऱ्याला ते चिडणं हवंच असायचं.

विल्यम्स म्हणजे दुसरं टोक. ‘कॅरी ऑन’ चित्रपटांमुळे ब्रिटनमध्ये घराघरांत माहीत असलेला नट. एकेक स्वर रबरासारखा ताणून तो तीन सेकंद खाऊन टाकायचा. हरकत आपल्याविरुद्ध गेली की भडकायचा, मी थेट ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरून इथवर आलो ते हे ऐकायला का, असा आकांत करायचा. ध्वनिमुद्रणाची जागा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती, हे सभागृहातल्या सगळ्यांना माहीत असे. पण त्या आवाजात कुठेतरी खरं दुखणंही असे, आणि इतिहासातल्या एखाद्या विषयावर बोलायला लागला की त्याच्या वाचनाची खोली कळून माणूस गप्प होई.

निमो प्रवासाचे किस्से सांगत. आणि जोन्स? त्यांना घाई नव्हती. ते इतक्या निवांत बोलत की थांबले आहेत की विचार करताहेत ते समजत नसे. बाकीचे तिघं भांडत असताना जोन्स एखादं साधं वाक्य टाकत आणि सगळा हशा त्यांच्या पदरात. मला आज चौघांपैकी एकालाच ऐकायची मुभा मिळाली तर मी जोन्स निवडेन.

विल्यम्स १५ एप्रिल १९८८ रोजी गेले आणि फ्रॉइड १५ एप्रिल २००९ रोजी. दोघांची तारीख एकच. दर वर्षी त्या दिवशी मी दोघांचा एखादा जुना भाग लावते.

विल्यम्स गेल्यावर कार्यक्रम बंद कसा पडला नाही?

तेव्हा तसं वाटलं होतं अनेकांना. पण १९८९ पासून विनोदी कलाकार पॉल मर्टन येऊ लागले. मर्टन हे आधी या कार्यक्रमाचे निस्सीम श्रोते. लहानपणापासून ऐकत आलेला माणूस एक दिवस त्याच टेबलाशी जाऊन बसला. त्यांनी विल्यम्सची नक्कल केली नाही, स्वतःची वाट काढली. साध्या विषयावर बोलता बोलता ते अशक्य गोष्ट रचतात, तीही अगदी सरळ आवाजात, आणि विषयांतराची हरकत घ्यावी तर गोष्ट पक्की विषयाला धरूनच चाललेली असते.

हीच या कार्यक्रमाची बळकट बाजू आहे. खेळ मोकळा आहे. त्यात कोणीही आपला स्वभाव घेऊन यावं. स्टीफन फ्राय आले, ग्रॅहम नॉर्टन आले, टोनी हॉक्स, जेनी एक्लेअर, पॅम एअर्स आल्या. पार्सन्स गेल्यानंतर काही भाग वेगवेगळ्या पाहुण्यांनी सांभाळले आणि २०२१ पासून स्यू पर्किन्स त्या खुर्चीत आहेत. पहिले दोन-तीन भाग मला ऐकवले नाहीत, खरं सांगते. जुन्या आवाजाची जागा कानात रिकामीच राहिली होती. आता तसं होत नाही. त्यांचं हसू उघड आणि दिलखुलास आहे, निर्णय चटकन देतात, आणि नव्या खेळाडूला सांभाळून घेण्याची रीत त्यांनीही राखली आहे.

पॅनेलवर बायका होत्या का?

होत्या, अगदी सुरुवातीपासून, पण कमी. शीला हँकॉक साठच्या दशकाच्या अखेरीस आल्या आणि ऐंशीच्या घरात पोचल्यावरही त्याच तडफेनं खेळल्या. त्या जुन्या काळातले काही भाग आज ऐकताना त्रास होतो. विल्यम्सना बाई पॅनेलवर असलेली रुचत नसल्याचं त्यांच्या बोलण्यातून सरळ दिसतं आणि सभागृह त्याला हसतं. हँकॉक मात्र तिथल्या तिथे उलट उत्तर देत. जुना भाग ऐकणाऱ्यानं हे माहीत असू द्यावं. आजच्या पॅनेलवर बायका बरोबरीनं असतात आणि खेळ त्यामुळे चांगला झाला आहे, हे माझं ठाम मत.

सगळं आधी ठरवलेलं असतं का?

बोलणं लिहून आणलेलं नसतं. लिहून आणून काही उपयोगही नाही, कारण आपलं भाषण कितव्या सेकंदाला कोण तोडेल आणि दुसऱ्याच्या विषयाचे उरलेले सतरा सेकंद आपल्याकडे कधी येतील हे कोणाच्या हातात नसतं. ध्वनिमुद्रण समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे होतं. पूर्वी लंडनच्या लोअर रीजंट स्ट्रीटवरच्या पॅरिस स्टुडिओत होई. ऑगस्टमध्ये एडिंबरा महोत्सवातही भाग होतात.

टीव्हीवर का नाही चालला?

नव्वदच्या दशकात प्रयत्न झाले, २०१२ मध्ये बीबीसी टू वरही एक मालिका झाली. टिकलं काहीच नाही. मला कारण साधं वाटतं. रेडिओवर अर्ध्या सेकंदाची शांतता म्हणजे खड्डा. तो प्रत्येकाला ऐकू येतो. टीव्हीवर त्याच अर्ध्या सेकंदात बोलणाऱ्याचे डोळे, हात, भुवया दिसतात आणि खड्डा बुजून जातो. अडखळणं दिसेनासं झालं की खेळाचा कणाच मोडतो.

भारताशी याचा काही संबंध आहे?

आहे, आणि बऱ्याच भारतीयांना मूळ कार्यक्रम माहीत नसताना आहे. आपल्याकडच्या कॉलेज महोत्सवांत ‘जॅम’ (‘जस्ट अ मिनिट’ची इंग्रजी आद्याक्षरं) नावाची स्पर्धा असते, ती या कार्यक्रमाचीच लेक. फक्त इकडे तिनं सासरचे नियम चांगलेच वाढवले. ‘जॅम मास्टर’च्या हाती सगळी सत्ता असते, व्याकरणाच्या चुकीवर हरकत, उच्चारावर हरकत, भलत्याच वेगावर हरकत. बोलणाऱ्यापेक्षा हरकतींची चर्चा जास्त वेळ चालते आणि तोच तिथला रंग असतो.

२०१२ साली मूळ कार्यक्रम स्वतः मुंबईत आला. लोअर परळच्या कॉमेडी स्टोअरमध्ये दोन भागांचं ध्वनिमुद्रण झालं. पार्सन्स सूत्रसंचालक, पॉल मर्टन आणि मार्कस ब्रिगस्टॉक लंडनहून आलेले, आणि त्यांच्यासमोर आपले विनोदी कलाकार सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या इमारतींत नव्वदीला टेकलेले पार्सन्स विषय वाचताहेत, हे रेडिओवर ऐकताना मला भरून आलं होतं. परळ माझ्या आजोळचं. माझे मामा त्याच भागात गिरणीत कामाला होते.

मराठीत हा खेळ खेळता येतो का?

येतो. आम्ही दर वर्षी गणपतीत, आरती झाल्यावर, दिवाणखान्यात खेळतो. पण इंग्रजी नियम जसेच्या तसे उचलून चालत नाहीत, हे पहिल्याच वर्षी कळलं. मराठीची घडण वेगळी आहे आणि ती कुठे आडवी येते ते शोधण्यातच अर्धी मौज आहे.

पहिली अडचण ‘आहे’. आपलं वाक्य क्रियापदावर टेकतं, आणि दर दुसरं वाक्य ‘आहे’ किंवा ‘होतं’ यावर टेकतं. त्यावर हरकत घेऊ दिली तर चौथ्या सेकंदाला माणूस बाद. म्हणून ‘आहे’ आणि त्याची सगळी भावंडं माफ.

दुसरी अडचण ‘करणे’. हिनं आम्हाला फार छळलं. फोन करतो, विचार करतो, काम करतो, स्वयंपाक करतो, मजा करतो: मराठी माणूस काहीही ‘करत’च असतो. इथे मात्र आम्ही माफी दिली नाही. आणि त्याचा सुंदर परिणाम असा झाला की खेळणाऱ्यांना जुनी, नेमकी क्रियापदं आठवायला लागली. रांधतो, न्याहाळतो, चाळतो, खुडतो, निवडतो, विसळतो. माझा चौदा वर्षांचा भाचा, जो एरवी अर्धं वाक्य इंग्रजीत बोलतो, ‘आंघोळ केली’ दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून ‘न्हायलो’ म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसरी गोष्ट विभक्तीची. घर, घरात, घराला, घरापाशी, घरातून हे एकच शब्द की पाच? इंग्रजीत एकवचन-अनेकवचनाला सूट आहे म्हणून आधी आम्ही सगळेच वेगळे धरले. मग काकांनी एकाच ‘घर’वर अख्खं मिनिट काढलं. पुढच्या वर्षीपासून मूळ शब्द एक तर पुनरुक्ती, असा निकाल लागला. ‘हळूहळू’, ‘घरोघरी’, ‘लाललाल’ असे जोडशब्द मात्र एक शब्द धरतो, नाहीतर मराठीचा निम्मा गोडवा जप्त करावा लागेल.

आणि एका बाबतीत मराठी खेळाडू फार श्रीमंत आहे. आपल्याकडे एकेका गोष्टीला तीन-तीन घरचे शब्द आहेत. पाणी, जल, नीर. रस्ता, वाट, मार्ग, आणि अडलंच तर रोड. तत्सम, तद्भव, फारसी, इंग्रजी अशा सगळ्या कोठ्या उघड्या असतात. ज्याची आजी ओव्या म्हणायची आणि ज्यानं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलंय तो इथे सहज जिंकतो.

घरात सगळ्यात चांगलं कोण खेळतं?

माझी आत्या. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, चौतीस वर्षं तिनं मुलांना शुद्धलेखन घातलं. तिला बोलायचं फारसं नसतं. विषय मिळाला तर वीस-पंचवीस सेकंदांत थांबते, म्हणते, झालं माझं. पण दुसरं कोणी बोलताना ती डोळे मिटून बसते आणि बारा सेकंदांपूर्वीचा शब्द बरोबर पकडते. बझर म्हणून आमच्याकडे पूजेची छोटी घंटा असते. तिनं घंटा वाजवली की कोणी वाद घालत नाही.

उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धेहून हा वेगळा कसा?

शाळा-कॉलेजात चिठ्ठी उचलून बोलायची स्पर्धा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिथे श्रोते गप्प बसतात, परीक्षक कागदावर गुण मांडतात आणि बोलणारा सुविचारावर शेवट करतो. ‘जस्ट अ मिनिट’मध्ये सुविचार चालत नाही, कारण त्यातले शब्द आधीच वापरून झालेले असतात. आणि इथे चूक होणं हाच सोहळा आहे. बझर वाजला की बोलणारा स्वतःही हसतो. ज्या मुलांना वक्तृत्व स्पर्धेची धास्ती वाटते, त्यांना आधी हा खेळ खेळू द्यावा, असं मी शिक्षक मैत्रिणींना आवर्जून सांगते.

इंग्रजी फार चांगलं नसेल तर ऐकावं का?

ऐकावं. सुरुवातीला संदर्भ निसटतील, ब्रिटनमधल्या जागा, जुने नट, त्यांच्या टीव्ही मालिका कळणार नाहीत. पण पुनरुक्ती पकडायला संदर्भ लागत नाही. ‘सॉसेज’ दोनदा आलं हे कानाला कळतं. मी स्वतः पहिल्या वर्षी विनोदापेक्षा हरकतींवरच जास्त हसले, आणि त्या वर्षात माझ्या कानाचं इंग्रजी जितकं सुधारलं तितकं कुठल्याच वर्गात सुधारलं नव्हतं.

सुरुवात कुठून करावी?

सत्तरच्या दशकातला, फ्रॉइड, विल्यम्स, निमो आणि जोन्स असे चौघं असलेला एखादा भाग आधी ऐका. रेडिओ फोर एक्स्ट्रा या वाहिनीवर जुने भाग अधूनमधून लागतात. मग नव्वदच्या दशकातला, मर्टन आणि फ्रॉइड समोरासमोर असलेला. त्यानंतर स्यू पर्किन्सचा ताजा भाग. तिन्हींत खेळ तोच, तीच तीन बंधनं, आणि माणसं वेगळी. मुंबईतले दोन भाग मिळाले तर सोडू नका.

घरी खेळायला काय काय लागतं?

चार माणसं, एक घड्याळ, चिठ्ठ्यांवर लिहिलेले वीसेक विषय आणि एक न्यायी माणूस. विषय साधे ठेवा. ‘भ्रष्टाचार’ किंवा ‘पर्यावरण’ दिलं की लोक भाषण ठोकतात आणि खेळ मरतो. आमच्या डब्यातल्या काही चिठ्ठ्या देते, हव्या तर घ्या: लोणच्याची बरणी, लाल एसटी, गॅसचा नंबर, पाहुण्यांची चप्पल, आजोबांचा रेडिओ, सुटे पैसे, मुलीकडची मंडळी, गच्चीवरचे पापड, पहिला पाऊस. शेवटच्या विषयावर आजवर कोणालाही पूर्ण मिनिट बोलता आलेलं नाही. ‘भिजलो’ दोनदा येतंच. गेल्या गणपतीत भाचा छप्पन्न सेकंदांपर्यंत पोचला होता, आणि आत्याच्या हातात घंटा होती.